कंट्रोलरसाहेबांच्या तोंडातला लाडू

आमच्या केजमध्ये एक गृहस्थ आहेत. ते बोलावणं नसताना लग्नाला जातात. तिथे जेवत नाहीत, अक्षता टाकत नाहीत, मुहूर्तापर्यंत थांबतही नाहीत. आणि परत निघतात ते ओठ घट्ट मिटून, गाल थोडे फुगवून, कोणाशी एक अक्षर न बोलता. वाटेत कोणी रामराम घातला तर नुसता हात वर करतात. एसटीत कंडक्टरने कुठे जायचं विचारलं तर बोटाने पुढची दिशा दाखवतात.

"त्यांच्या तोंडात बुंदीचा लाडू असतो," असं गावात सगळे सांगतात. मांडवातून बाहेर पडताना उचलतात आणि घरापर्यंत पुरवून खातात म्हणे.

ही लाडवाची गोष्ट मी पसरवली. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना सहज बोलून गेलो. गिऱ्हाईक हसलं, म्हणून दुसऱ्यालाही सांगितली. आता पंच्याहत्तरी उलटली, दुकान मुलाकडे गेलं, आणि ती गोष्ट मात्र अजून गावभर हिंडते आहे. तिला परत बोलावणं जमणार नाही. निदान खरं काय होतं ते लिहून ठेवतो.

माणिकराव आमचे शेजारी. दोन्ही घरांत भिंत एकच. बसस्थानकावर कंट्रोलर होते, म्हणून सगळे त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणतात. आयुष्यभर भोंग्यातून गाड्या पुकारल्या, त्यामुळे साधं बोलणं त्यांना येतच नाही. निवृत्त झाले तरी सकाळी ओट्यावर उभे राहून गल्लीला सांगणार, "नळाचं पाणी अर्धा तास उशिरा येईल, रहिवाशांनी नोंद घ्यावी." जावई आले की घरात पुकारा, "अंबाजोगाईहून येणारे पाहुणे दारात लागलेले आहेत." घरातून सुमनवहिनी म्हणायच्या, "पाहुण्याला उतरू तर द्या!"

या माणसाला एकच नाद होता. नेकनूरच्या जब्बारभाईंचा बँड.

लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. जब्बारभाईंच्या बँडची परण्याची म्हणून एक खास चाल होती. त्यांच्या वडिलांनी बसवलेली. क्लॅरनेटवर संथ सुरू व्हायची, वेशीपर्यंत चढायची आणि मारुतीच्या पायऱ्यांशी उतरायची. जब्बारभाईंची सुपारी कुठे आहे याचा पत्ता कंट्रोलरसाहेबांना नवरदेवाच्या मामाच्या आधी लागायचा. मग इस्त्रीचा सदरा घालून, पहिल्या गाडीने हे तिथे हजर. क्लॅरनेटच्या उजव्या हाताला, दोन पावलं मागे, ही त्यांची जागा.

अडचण एकच, वऱ्हाड. परण्यात नाचणाऱ्या पोरांना संथ चाल काय करायची? कोणी शिट्ट्या मारतं, कोणी ढोलावर थाप टाकतं, कोणी जब्बारभाईंच्या तोंडासमोर नोट नाचवून "ते वाजवा, ते!" म्हणतं. मग कंट्रोलरसाहेबांचा फलाटावरचा आवाज निघायचा.

"ऐकू द्या बे! मागं सरका! नाचणाऱ्यांनी डाव्या बाजूनं नाचावं!"

एकदा दिंद्रुडला एका पोराने त्यांना अडवलंच.

"काका, तुमच्या पोराचं लगीन हाय का?"

"न्हाई."

"पोरीचं?"

"न्हाई."

"मग कावून आलाव?"

"बँड ऐकाया."

"मग ऐका की! आमाला नाचू नका म्हणून कावून सांगता?"

"नाच की. पर तुझा पाय क्लॅरनेटवर पडायलाय."

पोराने खाली वाकून पायाखाली पाहिलं. क्लॅरनेट तर जब्बारभाईंच्या हातात. "म्हातारं सरकलंय," असं म्हणून त्याने दुप्पट जोरात नाच सुरू केला.

नातवाने एकदा मोबाईलवर चाल भरून घ्यायला शिकवलं. घरी येऊन लावली तर आधी शिट्ट्या, मग फटाक्यांची माळ, मग "आरं नवरदेवाचा फेटा सावर" असा कोणीतरी ओरडलेला, आणि या सगळ्यावर कडी करणारा कंट्रोलरसाहेबांचा स्वतःचा आवाज, "ऐकू द्या बे!" क्लॅरनेट औषधालाही नाही. तेव्हापासून मोबाईल त्यांनी वर्ज्य केला.

पण असं कष्टाने ऐकून झाल्यावर हा माणूस तोंड मिटून का येतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. उत्तराच्या जागी लाडू ठेवून मी तो सोडवून टाकला होता.

गेल्या उन्हाळ्यात युसूफ वडगावला एक मोठं लग्न होतं. मला मुलीकडचं आमंत्रण. मी मारुतीच्या पारावर सावली धरून बसलो होतो. परण्या आला. पुढे पन्नासेक जणांचं टोळकं धुळीत नाचतंय, मागे बँड, आणि बँडच्या उजवीकडे आमचे कंट्रोलरसाहेब घामाने निथळत दोन्ही हात पसरून उभे. चाल चढत आली होती आणि पायऱ्या जवळ आल्या होत्या. एवढ्यात रस्त्यावर पांढऱ्या गाड्यांची रांग लागली. कोणी पुढारी आला होता. "सायेब आले, सायेब आले!" क्षणात टोळकं तिकडे पळालं. नवरदेवाचा भाऊ पळाला, करवल्या पळाल्या, ज्याच्या हातात छत्री होती तोही छत्रीसकट पळाला. पाराशी राहिले घोडा, घोडेवाला, नवरदेव, बँड आणि कंट्रोलरसाहेब.

जब्बारभाईंनी डोळे मिटून चाल शेवटापर्यंत वाजवली.

मी दहा हातांवर होतो. पण माझं सगळं लक्ष गाड्यांकडे. पुढारी मला ओळख देतो की नाही, ही माझी काळजी. सूर माझ्याही कानावर पडले असतील. त्यातला एकही मला आठवत नाही.

थोड्या वेळाने कंट्रोलरसाहेब स्टँडकडे निघाले. ओठ मिटलेले, गाल फुगलेले, चाल झपझप. डोळ्यांत असं तेज की मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढाऱ्याने मला ओळख दिली नव्हती आणि माझ्याभोवती चार पोरं बसली होती. मी मोठ्याने म्हणालो, "आज लाडू मोठा दिसतोय रे!"

पोरांना तेवढं पुरलं. त्यांनी रस्ता अडवला.

"काका, आ करा!"

त्यांनी मान हलवली.

"आ करा, आ करा! आमाला बी दावा!"

त्यांनी दोन्ही हात जोडले. मग एक हात तोंडावर ठेवला, दुसऱ्याने वाट मागितली. एकाने मोबाईल समोर धरला. दुसऱ्याने बगलेत गुदगुल्या केल्या. तिकडे केजची गाडी हलायला लागली. शेवटी ते ओरडले, "सरका बे! गाडी सुटायलीय!"

आणि तिथेच थांबले. हाक मारलेला माणूस आपला नव्हे असं कळल्यावर जसं थांबतात, तसे. गाडी गेली तरी हलले नाहीत.

एका पोराने वाकून त्यांच्या तोंडात पाहिलं. "आरं, काईच न्हाई!"

"गिळला, गिळला!" दुसरा म्हणाला.

मी पोट धरून हसलो. हेही लिहायलाच हवं.

त्या दिवशी दिवेलागणीच्या वेळी मी ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या खिडकीतून आवाज आला. गुणगुणण्याचा. बेसूर, घोगरा, फलाटावरचा आवाज हलका करून काढलेला. खिडकीशी सुमनवहिनींची खाट असते. गुडघे गेल्यापासून त्या तिच्यावरच. एका कानाने ऐकू येईनासं झालेलं, दुसराही मंदावत चाललेला. कंट्रोलरसाहेब त्या दुसऱ्या कानाशी बसले असणार.

"हितवर तुला म्हाईतच हाय," ते म्हणाले. "मग वेशीतून असं वर जातंय... आन मग..."

"मग?"

"मग... थांब जरा."

पुन्हा वेशीपासून गुणगुणले, पुन्हा तिथेच अडले.

"गेलं," ते म्हणाले.

"कुठं गेलं?"

"वडगावच्या रस्त्यावर सांडलं. आज पुरं गावलंतं गं. शेवटापस्तोर. तोंडात गच्च धरून आणायलोतो."

"आसू द्या. पुन्यांदा लगीनसराई येतीच की. तवर ह्यो कान राह्यला मंजी झालं."

मी ओट्यावरून उठून आत गेलो. बायकोने विचारलं, जेवायला वाढू का. नको म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन लाडवाचं सगळं सांगितलं. वडगावचंही. वहिनी झोपल्या होत्या. कंट्रोलरसाहेबांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "लाडवाचं मला ठावं हाय, अण्णा. तुमचे उपकारच झाले माज्यावर. तोंड भरलंय म्हणून वाटंत कुणी बोलवायचं न्हाई. गावला तेवढा सूर शाबूत यायचा. कालच तेवढा घोटाळा झाला."

मग त्यांनी सांगितलं. वहिनी नेकनूरच्या. बँड माहेरचा. लग्नात परण्या निघाला तेव्हा त्या हळदीच्या अंगाने आत बसलेल्या. नवरी परण्याला जात नाही, तेव्हा तर पोरीबाळीही जात नसत; घरात ऐकू येते ती फक्त चालीची सुरुवात. पुढची चाल मारुतीकडे निघून जाते. लग्नानंतर वहिनींनी नवऱ्याला पहिली गोष्ट विचारली ती ही, "म्होरं काय वाजलं हो?"

"आन मला सांगता आलं न्हाई," कंट्रोलरसाहेब म्हणाले. "घोड्यावर बसल्यावर काय ऐकू येतंय? एका कानात मामा, दुसऱ्या कानात फटाके. तिनं काई पुन्हा इचारलं न्हाई. पर इचारलंतं की."

मी दुसऱ्याच आठवड्यात नेकनूरची गाडी धरली. जब्बारभाई घरीच होते. सगळीकडे डीजे झाल्यापासून बहुतेक वेळा घरीच असतात. "परण्याची चाल वाजवायची आहे, केजला, गुरुवारी दुपारी," एवढंच बोललो. ते लगेच हो म्हणाले.

गुरुवारी उन्हं कलायच्या आत ते आले. क्लॅरनेट, एक ताशा, एक ढोल. डगल्यांची बटणं तुटलेली, पण डगले घातलेले. गल्लीत इकडेतिकडे पाहत म्हणाले, "अण्णा, नवरदेव कुठंय?"

"नवरदेव नाही. या खिडकीसमोर वाजवायचं आहे."

त्यांनी क्लॅरनेट खाली केलं. "मंग न्हाई जमायचं. अब्बांनी हे हातात देताना बजावलंय. म्होरं नवरदेव असल्याबिगर ही चाल ओठाला लावायची न्हाई. दुसरं काईबी सांगा."

कंट्रोलरसाहेब बनियन आणि पायजम्यात दारात आले होते. मला म्हणाले, "नियम म्हाईत होता, अण्णा. म्हणून तर मी कवा इचारलं न्हाई. चहा घेऊ द्या त्येंना." त्यांनी चहाचाही पुकारा केला नाही, यावरून काय ते समजावं.

खिडकीतून वहिनींचा आवाज आला. "जब्बार हाय का? कुणाला हुडकायलास रं?"

"नवरदेवाला, ताई."

"मग त्यो काय तुज्या म्होरं उभा हाय."

जब्बारभाईंनी कंट्रोलरसाहेबांकडे पाहिलं. बनियन, पायजमा, खांद्यावर पंचा. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "डोईला कायतरी बांधा बरं यांच्या."

मी पळत घरात जाऊन लाल फेट्याचं कापड आणलं. पळत म्हणजे माझ्या वयाला जमेल तसं. मी बांधला तो फेटा एका कानावर कलला. कंट्रोलरसाहेब दगडासारखे उभे. जब्बारभाई गल्लीच्या तोंडाशी गेले, तिथून चाल धरली आणि खिडकीकडे यायला लागले. मारुतीच्या जागी आज खिडकी होती.

बँड म्हटल्यावर गल्ली जमलीच. पोरं नाचायला लागली. एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत मधे घुसला. कोणीतरी शिट्टी मारली. मी क्लॅरनेटच्या उजवीकडे पाहिलं, पण कंट्रोलरसाहेब आज नवरदेव होते, त्यांना ओरडता येत नव्हतं.

तेव्हा मी हात पसरले आणि छातीत होता तेवढा दम काढून ओरडलो, "ऐकू द्या बे!"

पोरं चपापली. मोटारसायकल बंद झाली. चाल वर चढली, क्षणभर वरच थांबली आणि मग पायरी पायरीने खिडकीशी उतरली. शेवटचा सूर अगदी साधा होता. वहिनींनी चांगला कान खिडकीच्या गजाला लावला होता.

"आसं हाय व्हय!" त्या म्हणाल्या.

मी कंट्रोलरसाहेबांकडे वळलो. काहीतरी पुकारतील असं वाटलं होतं. पण कललेल्या फेट्याखाली त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि गाल फुगवले होते. खरं तर आता घरी न्यायचं काहीच शिल्लक नव्हतं.