हजार मीटरच्या खाली

स्कीइंगच्या सुट्टीसाठी गाव निवडायला लेओपोल्ड झावाडिल यांनी तीन आठवडे घेतले. (लग्नाला होकार मात्र एका दुपारीत दिला होता, हे रोझविटाबाई अजून ऐकवतात.) अट एकच, शांतता हवी. बार नको, बँड नको, व्हिएन्नाच्या कचेरीतलं एकही तोंड नको. उंचावरची नावाजलेली गावं एकेक करून बाद झाली आणि उरलं हिंटरआउ. एक चर्च, डोंगरावर नेणारी एक लिफ्ट, बऱ्याच गाई.

असं गाव सापडल्यावर माणसानं गप्प बसावं. पण झावाडिलांच्या तोंडात तीळ भिजत नसे. कचेरीत आठवडाभर ते त्याचेच गोडवे गात राहिले. व्हायचं तेच झालं. पहिल्याच सकाळी लिफ्टच्या पाळण्यात शेजारी येऊन बसले ते साक्षात साहेब, डॉक्टर ओटोकार पिरिंगर. सुट्टी संपताच नवा विभागप्रमुख तेच नेमणार होते, आणि त्या खुर्चीवर झावाडिलांचा नऊ वर्षं डोळा होता.

"नमस्कार, डॉक्टरसाहेब," झावाडिल बसल्या बसल्याच वाकले.

"हजार मीटरच्या वर कसला रे डॉक्टर?" साहेब म्हणाले. "डोंगरावर सगळे अरे-तुरे. मी ओटोकार."

रीत जुनीच, पण झावाडिलांची जीभ काही वळेना. डोंगरमाथ्यावरच्या खानावळीत जर्दाळूच्या दारूचे दोन पेले पोटात गेले तेव्हा ती सैल सुटली.

"ओटो, तू फाइली वाचत नाहीस. नुसत्या सह्या ठोकतोस."

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "लेओ, हे मला कुणी सांगतच नाही बघ."

झावाडिलांना खुर्ची मिळाल्यातच जमा वाटली.

संध्याकाळी खाली गावात, मुक्कामाच्या घरी (साहेबही तिथंच उतरले होते) सगळे पाहुणे एकाच टेबलावर जेवायला बसले. साहेब आता कोटात होते.

"ए ओटो, मीठ सरकव की," झावाडिल म्हणाले. "आणि बटाटे एकटाच गिळू नकोस."

सगळ्यांचे काटे-चमचे थांबले. रोझविटाबाईंनी टेबलाखालून नवऱ्याच्या नडगीवर लाथ हाणली.

"लेओपोल्ड, हे गाव नऊशे चाळीस मीटरवर आहे," त्या पुटपुटल्या. "वरचं गाव घे म्हणत होते मी."

साहेबांनी मिठाची बाटली उचलून पुढे केली. "घ्या, झावाडिल."

त्या 'घ्या'वर झावाडिलांनी बसल्या बसल्याच वाकून बाटली घेतली.

सुट्टी संपली आणि पत्र आलं. झावाडिल यांची शांततेची आवड ध्यानात घेऊन त्यांना तळघरातल्या दप्तरखान्यात नेमण्यात येत होतं.

रोझविटाबाईंनी ते दोनदा वाचलं.

"चला, कुणाला 'तू' म्हणायचं आणि कुणाला 'तुम्ही', हा घोर तरी मिटला," त्या म्हणाल्या. "तिथं कुणी नसतंच."