वासंतीताईंचा दुसरा माठ

वासंतीताईंच्या हॉलमध्ये दोन माठ होते. एक माणसांचा आणि एक कॉम्प्युटरचा. हे त्यांनी मला सांगितलं, ते मी कॉम्प्युटरच्या माठातलं अर्धा पेला पाणी पिऊन झाल्यावर.

"अहो साठे, ते मशीनचं पाणी आहे," त्या कळवळून म्हणाल्या. मला वाटलं, माझ्या पोटाची काळजी. तसं काही नव्हतं. "पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो हो," त्या म्हणाल्या आणि तांब्याने माठ पुन्हा काठोकाठ भरू लागल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि आमच्या शेजारच्या दारात एक बाई कॉम्प्युटरला माठातलं पाणी पाजत होती. बाकी ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होते, ते त्याला प्लास्टिकचं कव्हर घालत आणि चपला काढून त्याच्या खोलीत जात. ताईंच्या कॉम्प्युटरची एक बाजू कायम उघडी. त्यातून दोन रबरी नळ्या बाहेर येत आणि माठात उतरत. माठात माशांच्या काचपेटीतला छोटा पंप गुरगुरत असे.

प्रकार असा होता. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कॉम्प्युटर जास्त पळवायचा. पळवला की त्याचा प्रोसेसर तापतो, तापला की सगळं जागच्या जागी थिजतं. म्हणून पाणी. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला पुढे ऑफिसातल्या एका पोराने सांगितलं. ताई नुसतं 'चढवणं' म्हणत. "काल आणखी एक पायरी चढवली. सोसलं त्याला." जिन्यात भेटल्या की हीच बातमी. मी महागाईबद्दल काही बोलू लागलो तरी त्या तेच सांगत.

प्रोसेसरवर पाणी खेळवायला तांब्याचं काहीतरी सपाट बुडाचं हवं होतं. ताईंनी देवघरातली पंचपात्री उचलली आणि कल्याणच्या बाजारात तांबटाकडे नेली. "हिला वरून झाकण डाखून द्या आणि दोन तोट्या काढा," म्हणाल्या. तांबटाने विचारलं, "बाई, ही कुठली पूजा?" ताई म्हणाल्या, "मोठी आहे."

शहाडच्या एका कारखान्यात त्या स्टोअर सांभाळायच्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं, अंगाने शिडशिडीत, साडी नेहमी कडक इस्त्रीची. संध्याकाळी घरी आल्या की पर्स खांद्यावर असतानाच उलटा हात त्या पंचपात्रीला लावायच्या. "आज कणकण आहे," म्हणायच्या. एकदा मी म्हटलं, "मग तापाची गोळी द्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा त्या विषयावर विनोद केला नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

एकदा नळी निसटली आणि मशीनने मनसोक्त आंघोळ केली. दुसरी बाई रडली असती. ताईंनी आतला मुख्य बोर्ड सोडवला, पंच्याने टिपला आणि गच्चीवर नेला. तिथे आमच्या माधवीने पोह्याचे पापड वाळत घातले होते. "माधवी, पापडांबरोबर याच्यावरही लक्ष ठेव गं. कावळा चोच मारेल," असं सांगून त्या कामावर गेल्या. माझी बायको दिवसभर छत्री घेऊन त्या हिरव्या पाटीची राखण करत बसली. संध्याकाळी मशीन सुरू झालं. पापडांचं म्हणाल, तर ते त्या वर्षी जरा जाडच झाले होते, पण त्याचं खापर मशीनवर फोडणं बरं नव्हे.

आता हे सगळं कशासाठी, तर मिलिंदसाठी.

मिलिंद त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चौथीत होता. ताईंनी त्याला वाढवलं, इंजिनिअर केलं, आणि त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला की त्या चहा टाकायला आत जात. मिलिंद कॉलेजात असताना घरात पहिला कॉम्प्युटर आला, आणि त्याबरोबर फ्लॉपीवरून मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ. कीबोर्ड एक, खुर्च्या दोन. बाणांच्या बटणांवर मिलिंद, म्हणजे स्टिअरिंग त्याच्याकडे. लांब पट्टीच्या बटणावर ताई, म्हणजे ब्रेक त्यांच्याकडे. भिंतीपलीकडून आम्हाला रोज ऐकू यायचं, "ताई, ब्रेक! अगं ताई, ब्रेक!" आणि मागून दोघांचं हसणं. मला तेव्हा त्याचा वैताग यायचा. ते बंद झाल्यावर भिंत फार जाड वाटायला लागली.

मिलिंदचं लग्न झालं आणि तो घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये राहायला गेला. घोडबंदर म्हणजे काही दुबई नव्हे. पण येणं कमी झालं, मग सणासुदीवर आलं, मग सणही चुकायला लागले. एकदा ताईंनी फोनवर म्हटलं, "ये ना रविवारी, आपली गाडी चालवू." तो म्हणाला, "ताई, तुझं मशीन केवढं स्लो झालंय. वळण आलं की अडकतं. आधी फास्ट कर, मग येतो बघ."

मी असतो तर समजलो असतो. घाईत असलेली माणसं असंच बोलतात. ताईंनी ते कामाच्या यादीसारखं घेतलं. नवं कोरं मशीन आणलं, तेव्हाचं सगळ्यात जोरकस, आणि तेही कमी पडायला नको म्हणून वर चढवत राहिल्या.

एकदा मी विचारलं, "पण तो खेळ कसा चालतो यावर?"

"लावला नाही अजून."

"म्हणजे?"

"मिलिंद आल्याशिवाय कसा लावू? नैवेद्य आधी कोणी चाखून बघतं का, साठे?"

वेग पाहायला त्या मशीनला लांबलचक गणितं घालत. खेळ मात्र जपून ठेवलेला.

त्या भाऊबीजेला मिलिंद आला, बायकोला, अश्विनीला, घेऊन. ताईंनी आम्हालाही बोलावलं होतं. ओवाळणी झाली, करंज्या झाल्या, आणि ताईंनी दोन खुर्च्या मांडल्या. पंप गुरगुरत होता. मिलिंदने नळ्या पाहिल्या, माठ पाहिला, पंचपात्री पाहिली. "ताई, तू खरंच कमाल आहेस," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

खेळ सुरू झाला. सुरू झाला म्हणेपर्यंत गाडी झाडावर. पुन्हा लावला, पुन्हा झाडावर. बोट बटणावर टेकायच्या आत रस्ता, वळणं, डोंगर सगळं सर्रकन निघून जायचं. तो जुना खेळ मशीन पळेल तसा पळणारा होता. जितकं मशीन फास्ट, तितकी गाडी फास्ट. ताई ब्रेक दाबत होत्या, दाबतच होत्या.

मिलिंद पोट धरून हसला. "ताई, हे आता खेळण्यासारखं राहिलंच नाही गं." मग घड्याळ बघून म्हणाला, "चल, निघतो. अश्विनीचा भाऊ येतोय ना घरी." त्याचं काही चुकलं नव्हतं. बहिणी काय फक्त डोंबिवलीतच असतात? तरी मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

दिवाळीनंतर मी एकदा सहज डोकावलो. माठ गॅलरीत पालथा होता. ताई मशीनमध्ये वाकून कसलीशी बारीक पिन हलवत होत्या.

"उतरवतेय," त्या म्हणाल्या. "कंपनीने दिलेल्या वेगाच्याही खाली आणलंय. आता तापत नाही अजिबात."

पडद्यावर तीच गाडी होती, मधूनमधून अडखळत, पूर्वीसारखी.

"मिलिंदला कळवलंत?"

"कळवलं. बघू म्हणाला." त्यांनी दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. स्टिअरिंग घ्या. माझा ब्रेकचा हात राहायला हवा."

मी बसलो. मला स्कूटरसुद्धा धड येत नाही. मी आपली गाडी जपून, हळूहळू नेत होतो. समोर सरळ, मोकळा रस्ता, वळण अजून पुष्कळ लांब. आणि ताईंनी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"सॉरी हं, साठे," पडद्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. "मिलिंद एव्हाना वळणावर पोचलेला असायचा."