हृदयस्पर्शी, सबब मंजूर

इंदूरजवळच्या एका शहरात फ्रीगंज नावाची पेठ आहे. तिथल्या मराठी वाचनालयाच्या घटनेत एक कलम आहे : ललित विभागात घ्यायचं पुस्तक हृदयस्पर्शी असलं पाहिजे. हृदय कोणाचं, हे घटनाकारांनी लिहिलेलं नाही. त्यामुळे प्रथेप्रमाणे ते ग्रंथनिवड समितीच्या अध्यक्षांचं धरलं जातं, आणि अध्यक्ष गेली कित्येक वर्षं गोपाळकृष्णराव टोकेकर आहेत. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या हृदयापर्यंत पोचायचं तर अर्ज योग्य मार्गानेच यावा लागे, आणि बहुतेक अर्ज वाटेतच दमत.

त्यांच्या स्वतःच्या मुलीचा अर्जही असाच दमलेला होता. निहारिका इंदूरच्या कॉलेजात शिकवायची, रोज बसने अप-डाउन करायची. त्याच बसने वीज कंपनीतला ओंकार परमार अप-डाउन करायचा. शेजारच्या सीटवर बसता बसता दोघांनी ठरवलं की आता एकाच घरात बसावं. मुलगा निर्व्यसनी, पगारदार, देवास गेटला वडिलांचं शेवेचं चालू दुकान. खोट काढायला जागा नव्हती, म्हणून गोपाळकृष्णरावांनी ती केली. मुलगा मराठी नव्हता.

"देख बेटा, आपले पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकुनी करायचे," ते म्हणाले. "आपली भाषा टिकली पाहिजे. इसमें कोई समझौता नहीं."

मराठीच्या रक्षणार्थ एवढं बोलून त्यांनी प्रकरण विचाराधीन ठेवलं. मागच्या दिवाळीपासून ते घोंगडं भिजतच होतं. निहारिकेला पळूनबिळून जायचं नव्हतं. लग्नात बाबांनी शेजारी उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं. पोरीचं मागणं काही मोठं नव्हतं, पण टोकेकरांच्या घरी लहान मागण्यांनाच जास्त वेळ लागतो.

या वाट पाहण्याच्या काळात तिला कोरियन प्रेमकथांच्या कॉमिक्सचा नाद लागला. मोबाइलवर बोटाने वर सरकवत जायचं, चित्रांमागून चित्रं, आणि बसच्या वाटेतलं सांवेर येईपर्यंत रडून मोकळं व्हायचं. त्यातली एक कथा तिला इतकी भिडली की तिने तिचे छापील इंग्रजी भाग मागवले आणि वाचनालयाला भेट दिले. थेट बाबांच्या हातात दिले असते तर त्यांनी ते रद्दीत घातले असते. समितीपुढे आले म्हणजे वाचणं हे कर्तव्य झालं, आणि कर्तव्याला बाबा कधी चुकत नसत. आई जयूला तिने हे हळूच सांगितलं. जयू म्हणाली, "बघ बाई. पाघळले तर पाघळले."

समितीत आणखी दोन सदस्य होते. रेल्वेतून निवृत्त झालेले अरविंद बोकील आणि माजी मुख्याध्यापिका मधुराबाई.

"चित्रांची पुस्तकं आहेत. बालविभागात टाका, झंझट संपली," बोकील म्हणाले.

मधुराबाईंनी चौथा भाग मधूनच उघडला आणि लगेच मिटला. "बालविभागात नको," त्या म्हणाल्या. मग खात्री करून घ्यायला त्यांनी तो पुन्हा उघडला आणि जरा वेळ उघडाच ठेवला.

बालविभाग बाद झाला म्हणजे ललित, आणि ललित म्हटलं की कलम आलं. गोपाळकृष्णरावांनी हृदय घेऊन कामाला सुरुवात केली.

गोष्ट साधीच होती. समुद्रकाठच्या गावात सुआ नावाची मुलगी. तिथे बेकरीत काम करायला दुसऱ्या प्रांतातून आलेला दोहान. दोघांचं जमतं. सुआचा बाप म्हणतो, मुलगा चांगला आहे, पण प्रांत वेगळा, बोलणं वेगळं, बघू. त्या 'बघू'वर पुढचे भागच्या भाग निघाले होते.

पहिल्या भागात गोपाळकृष्णरावांना छपाईची चूक सापडली. एका अख्ख्या पानावर शब्दच नव्हता. नुसतं बसस्टॉपचं बाक, त्यावर टेकलेला एक हात आणि जरा अंतरावर दुसरा. 'कागदाचा अपव्यय' असा शेरा त्यांनी मारला. दुसऱ्या भागात पुन्हा तेच बाक, तेच हात, फक्त मधलं अंतर बोटभर कमी. त्यांनी पहिला भाग काढून दोन्ही पानं शेजारी ठेवून ताडून पाहिली. तिसऱ्या भागात ते चष्मा पुसताना जयूला दिसले.

"काय झालं हो?"

"काही नाही. मोतीबिंदू."

"तो तर तुम्ही मागच्या वर्षीच काढलात ना?"

"मग पुन्हा आला असेल," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

यापुढे समितीच्या बैठका, ज्या एरवी चार-सहा महिन्यांत एकदा भरत, त्या रोज संध्याकाळी तातडीने भरू लागल्या. तिघंही एकेक भाग घरी नेत आणि 'सखोल छाननी बाकी' म्हणून परत करत नसत. मधुराबाईंनी तर, सुआवर जीव टाकणारा तिचा जो दुसरा एक मित्र चांगला असूनही कथेत मागे पडतो, त्याच्यावर फार अन्याय झाल्याचं निवेदन केलं. वाचनालयात तो हळवेपणा कोणी हसण्यावारी नेला नाही.

मात्र बोकील रेल्वेतले, त्यांना नियम लागतो. अश्रू हा पुरावा मानायचा तर साक्षीदार हवा, असा मुद्दा त्यांनी काढला. साधकबाधक चर्चा होऊन ठरलं की अश्रू दुसऱ्या सदस्याने प्रत्यक्ष पाहिलेला असावा आणि गालापर्यंत उतरलेला असावा. डोळ्यातल्या डोळ्यात जिरलेला विचारात घेतला जाणार नाही. सर्दी झालेल्या सदस्याने त्या दिवसापुरतं रजेवर राहावं. या नियमांमुळे तिघांना समोरासमोर बसून रडणं भाग पडलं. पलीकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोन सभासदांनी एकदा दारातून डोकावून पाहिलं, कोण गेलं हे विचारणं बरं दिसत नाही म्हणून हात जोडून थोडा वेळ स्तब्ध उभे राहिले आणि निघून गेले.

सहाव्या भागात सुआच्या बापाने कहर केला. दोहान निरोप घ्यायला दाराशी आला आणि म्हाताऱ्याने आतून कडी लावली. गोपाळकृष्णरावांचा संताप अनावर झाला.

"प्रांत वेगळा म्हणून काय झालं? माणूस बघा ना, माणूस! असल्या बापाला बिलकुल सोडता कामा नये."

समितीने निषेधाचा ठराव एकमताने मंजूर केला. 'केवळ बोली वेगळी या कारणास्तव पोटच्या मुलीचे मन मोडणाऱ्या पित्याचा हे वाचनालय तीव्र निषेध करीत आहे, व त्याने आपला दुराग्रह तात्काळ सोडावा असे बजावीत आहे.' खाली पहिली सही अध्यक्षांची. ठराव कोरियात, सोलमधल्या प्रकाशकाला पाठवायचा होता, इंग्रजी करायला घरात निहारिका होतीच.

तिने तो दोनदा वाचला. तिला वाटलं, झालं, बर्फ वितळला.

"बाबा," ती म्हणाली, "याची एक प्रत आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवू का?"

"कशाला?"

"इथेही एक प्रकरण विचाराधीन आहे. ओंकारचं."

गोपाळकृष्णरावांनी चष्मा काढला. मुलीच्या अज्ञानाची त्यांना मनापासून कीव आली. "अगं, ते वेगळं. ती दोघं कोरियनच ना? आपसातलं लग्न. त्या म्हाताऱ्याला नाही म्हणायला कारणच काय?"

"प्रांत वेगळा आहे, बाबा. बोली वेगळी आहे."

"पण दोघांचंही आडनाव किम. एका अर्थी घरातलंच स्थळ म्हणायचं. तुझं तसं आहे का, सांग बरं?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," स्वयंपाकघरातून जयू म्हणाली आणि तिने तवा जरा जोरातच आपटला.

निहारिकेने ठराव इंग्रजी करून पाठवून दिला. मग तिने आणि ओंकारने विवाह नोंदणी कार्यालयातून तारीख घेतली. घरी येऊन तिने बाबांना सरळ सांगितलं, "शुक्रवारी बारा वाजता. भांडायचं नाही, रुसायचं नाही. तुम्ही फक्त या. मला तुम्ही हवे आहात."

"विचार करतो," गोपाळकृष्णराव म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांनी विचार केलाही. गुरुवारी त्यांनी रेशमी कुडता इस्त्रीला दिला. जयूने ते पाहिलं आणि लेकीला फोन करून सांगितलं. फोनवर दोघीही हसत हसत रडल्या.

शुक्रवारी सकाळी, उशिरा छापून झालेला सातवा आणि शेवटचा भाग कुरियरने वाचनालयात आला.

बोकीलांचा फोन आला तेव्हा गोपाळकृष्णराव कुडत्याची बटणं लावत होते. "पुढे व्हा. मी समितीत तोंड दाखवून थेट तिकडेच येतो," ते जयूला म्हणाले. बैठक अकराला सुरू झाली. एकच प्रत असल्याने तिघं एका बाकावर दाटीवाटीने बसले आणि पान उलटायचा अधिकार अध्यक्षांकडे राहिला.

बाराला थोडा वेळ असताना जयूचा फोन आला. पलीकडून तिला नवऱ्याचे हुंदके ऐकू आले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे ऐकलं नव्हतं. तिचंही मन भरून आलं.

"अहो, रडू नका. पोरगी दारातच उभी आहे तुमची वाट बघत. रिक्षा करा आणि या. येताय ना?"

"कसा येऊ?" गोपाळकृष्णराव रडत म्हणाले. "सुआचं लग्न लागतंय. तिचा बाप आत्ता पोचलाय गं, धावत धावत. धापा टाकतोय बिचारा. आत जायची हिंमत होत नाहीये त्याची."

जयूने फोन ठेवला. आत नाव पुकारलं तेव्हा निहारिकेने एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि आईचा हात धरून आत गेली. साक्षीदार म्हणून सही जयूने केली. ओंकारच्या वडिलांनी सगळ्यांना शेव वाटली.

वाचनालयात तिघांचेही अश्रू गालापर्यंत उतरले आणि परस्परांनी ते प्रत्यक्ष पाहिले. सुआच्या पित्याविरुद्धचा निषेध मागे घेऊन त्याच्या अभिनंदनाचा ठराव झाला. सातही भाग हृदयस्पर्शी, सबब मंजूर. घरी जाताना गोपाळकृष्णराव बोकीलांना म्हणाले, "असा बाप मिळायला भाग्य लागतं हो."

इथवर वाचून तुम्हाला गोपाळकृष्णरावांचा राग आला असेल. त्या पोरीसाठी जीव थोडा हळहळलाही असेल, कदाचित डोळ्यांच्या कडा ओलावल्या असतील. साहजिकच आहे. निहारिका तुमची मुलगी थोडीच आहे.