उजवीकडची स्क्रीन

आमच्या शेजारच्या वाघमारे काकांच्या कॉम्प्युटरच्या उजव्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. राहिलंच, तर काका डाफरतात, "सरका की! स्क्रीन झाकायलात तुमी." तिथे स्क्रीन नाही. नुसती भिंत आहे. मला वाटायचं, म्हातारपण.

परभणीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स चालवायचा नाद धरला. विंडोज म्हणजे त्यांच्या मते भाड्याचं घर. "लिनक्स सोताचं. खिळा कुठंबी ठोका, कोन इचारत न्हाई." मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, तरी हे व्याख्यान मुकाट्याने ऐकतो.

उन्हाळ्यात त्यांचं स्क्रीनला चित्र पुरवणारं ग्राफिक्स कार्ड जळालं. काकांनी नवं बसवलं, तर स्क्रीन काळी ती काळीच. भर दुपारी मला हाक आली. सेटिंगच्या फाईलमध्ये अजून जुन्याच कार्डाचं नाव होतं. ते बदललं आणि चित्र आलं. मी जरा कॉलर ताठ केली.

तेवढ्यात माऊसचा बाण उजवीकडे सरकला आणि कडेपलीकडे गडप झाला. तपासायला म्हणून समोरचा एक व्हिडिओ लावला. स्क्रीनवर काहीच उघडलं नाही, पण बाईचा आवाज आला, "अवो, दिसायले का मी?"

मी खुर्ची मागे सारून उठलोच. घरात आम्ही दोघंच होतो. आवाज कमलकाकूंचा होता, आणि त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"भिऊ नका सर," काका शांतपणे म्हणाले. "क्यामेरा शिकायली होती तवाचं हाय. मशीन खोटं बोलत न्हाई."

मी फाईल पुन्हा उघडली. तिच्यात दोन स्क्रीन लिहिलेल्या होत्या. शेजारी हॅशची (#) खूण करून काकांनी टिपलं होतं, 'डावी माझी, उजवी कमलची.' हॅशपुढचं कॉम्प्युटर वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. काकूंची स्क्रीन नंतर लेक सेलूला घेऊन गेली. कॉम्प्युटरला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो अजून तिच्यावर चित्रं मांडत होता.

"एवढंच ना," म्हणून मी उजव्या स्क्रीनच्या ओळीच्या सुरुवातीलाही हॅश मारला, म्हणजे ती ओळ बाद. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, व्हिडिओ लावला. काकू समोर दिसल्या, चष्मा नीट करत होत्या.

काकांनी तिकडे पाहिलंही नाही. ते माऊस उजवीकडे ढकलत होते. बाण कडेला अडला. पुन्हा ढकलला, पुन्हा अडला.

"तिकडं जाताच येईना आता," ते म्हणाले. या माणसाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सर, ह्यो नुसता व्हिडिओ हाय. ती तिकडं बसायची."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. हॅश पुसून कॉम्प्युटर परत बंद करून चालू केला.

काकांनी व्हिडिओ पुन्हा लावला. स्क्रीन रिकामी होती.

"अवो, दिसायले का मी?"

काका भिंतीकडे वळले.

"दिसायलीस," ते म्हणाले.