बाहेर पडायचा रंग

कासार आंबोलीच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी शाळेत पोचायच्या आधीच मला घरी परत पाठवण्यात आलं. पाठवणारे हेडमास्तर नव्हते, माझे घरमालक होते. धोंडूनाना. मी नवी जांभळी साडी नेसून ओटीवरून खाली उतरले, तर हे अंगणात राखुंडीनं दात घासत उभे. तोंडातलं बोट काढून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं. असं कुणी माझ्याकडे बघितलं तर दोन शब्द सुनावल्याशिवाय मी सोडत नाही. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच, साडीवर होती. बाजारात बैल पारखावा तशी.

"बाई, बदलून या."

"का? काय झालं?"

"वाटंच्या आंब्यावर मोहळ बसलंय. गडद रंग बघितला की उठतंय. फिक्कं कायतरी नेसा."

पहिला दिवस, परकं गाव, त्यात हा माणूस. मी मुकाट्यानं बदामी साडी नेसून आले आणि शाळेत पंधरा मिनिटं उशिरा पोचले. हेडमास्तरांना कारण सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र शांतपणे म्हणाले, "नानांनी रंग सांगितला ना? मग ठीक. मी पहिल्या दिवशी काळा कोट घालून आलो होतो," आणि त्यांनी आपला डावा कान दाखवला. सहा महिन्यांनंतरही तो उजव्यापेक्षा जरा मोठाच होता.

ही गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालातली. नाना तेव्हा पंचावन्नच्या पुढेच असतील. उंच, हडकुळे, चांगली भातशेती असलेले, मूलबाळ नाही. घरात ते, हौसाकाकी, चंद्री नावाची म्हैस आणि पुढच्या खोलीत मी. गावात कुणीही कुठंही निघालं की नाना ओटीवरून विचारायचे, "कुटं निगाला?" आणि उत्तर ऐकून घेऊन, "मंग ह्यो रंग न्हाई चालायचा!" ताम्हिणीकडे जायचं असेल तर डोक्याला तांबडं काहीतरी हवंच. "तितल्या धुक्यात पांढरा मानूस म्हंजी मानूसच न्हाई. हाकच मारत बसायची." भर उन्हात मळणीला पांढरं. पाखरं राखायला मातकट. बैल जुंपताना अंगावर चमकणारं काही नको, बैल बुजतात. लग्नाला मात्र काहीही चालेल. "तितं मानसंच बघनार. मानसांचं काय येवढं?"

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो नाना, कपडे माणसं माणसांसाठीच घालतात!"

"घरात घालत्यात. बाहीर मानसं किती आन जनावरं, पाखरं, माश्या किती, मोजा की तुमीच. शाळा शिकलाय न्हवं?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांच्या रंगांची नावंसुद्धा आपली नव्हेत. वल्ली माती, वाळली माती, कवळं भात, गाभुळी चिंच, पिकलं करवंद. "कवळं भात म्हणजे पोपटी ना?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे फार दयेनं बघितलं. "पोपट येगळा, बाई."

त्या वर्षी मुलांना खाकी चड्डी आणि खाकी सदरा शिवायचा असं वरून कळवण्यात आलं. झालं! नाना पालकांच्या सभेत येऊन पहिल्याच रांगेत बसले. त्यांचं पोर शाळेत नव्हतं, पण त्यांना अडवणार कोण? माझं बोलून व्हायच्या आतच उठले.

"दिवाळीला गवत पिवळं पडतंय. शाळा सुटली की पोरं गुरांमागं जात्यात. त्या गवतात खाकी पोरगं निजलं तर त्येची आय तरी हुडकंल का?"

"वरून हुकूम आहे, नाना."

"मंग वरच्या सायबाला म्हनावं, तू ये हुडकायला."

सगळ्या आया नानांच्या बाजूला गेल्या. शेवटी खाकी कपडे आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक लालभडक रुमाल, यावर तडजोड झाली. पुढे तपासणीला साहेब आले ते रुमाल बघून भलतेच खूश. "वा! स्काउटची शिस्त दिसतेय तुमच्याकडे," असं म्हणून तसा शेरा मारून गेले. हेडमास्तर माझ्याकडे बघेनात आणि मी त्यांच्याकडे बघेना.

नाना नेहमीच बरोबर असायचे असं समजू नका. "चंद्रीला जांभळा रंग आवडत न्हाई, मारंल," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. मला कुणी असं बजावलं की मी तेच करते, हा माझा जुना रोग. एका रविवारी ती जांभळी साडी नेसून मी मुद्दाम गोठ्यात गेले. चंद्रीनं मान वळवली, हुंगलं आणि वीतभर पदर शांतपणे खाऊन टाकला.

"बघा! मी बोललो व्हतो."

"अहो, खाल्ला तिनं! म्हणजे आवडला की!"

"राग आला म्हनून खाल्ला," नाना म्हणाले. हौसाकाकी दारात उभ्या राहून हसून हसून लाल झाल्या होत्या.

हौसाकाकी बुटक्या, गोल चेहऱ्याच्या आणि कमी बोलणाऱ्या. हसल्या की डोळे मिटायचे. बाहेर निघताना त्या कायम अंजिरी लुगड्यातच दिसायच्या. एक फाटलं की दुसरं, पण रंग अंजिरीच. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "लगीन झाल्यावर ह्यांनी ठरीवला. चंद्रीच्या आयला त्यो चालायचा, आता चंद्रीला चालतोय. म्हशीला इचारलं, मला कुनी इचारलं न्हाई."

"आन चालला का न्हाई?" नाना ओटीवरून ओरडले.

"चालला, चालला," काकी म्हणाल्या आणि डोळे मिटून हसल्या.

त्याच वर्षी कार्तिकात काकींचा खोकला हटेना. संध्याकाळी ताप भरायचा. पौडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथल्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला आणि त्यांना ठेवूनच घेतलं. मी बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने तरी लागतील. नंतर बघू." आम्ही दोघं एसटीनं परत निघालो. गावच्या फाट्यावर उतरल्यावर नाना मला म्हणाले, "बाई, 'बघू' म्हंजी काय म्हनायचं आसंल त्यास्नी?" मी म्हटलं, "बोलायची पद्धत असते ती." पण तो शब्द त्यांच्या मनातून गेला नाही. काकी परत येणार की नाही, एवढीच एक गोष्ट त्या घरात उरली, आणि तिच्याबद्दल मात्र कुणी बोलायचं नाही.

चंद्रीला हे कोण समजावणार? तिनं दुसऱ्या दिवसापासून पान्हा चोरला. नाना धारेला बसले, लाथ. शेजारच्या बायका बसल्या, लाथ. मी बसले, तर दुधाची कासांडी एकीकडे आणि मी शेणात. रेडकू वेगळंच बोंबलत होतं. चार दिवसांनी नाना माझ्या दाराशी आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्याकडं अंजिरी रंगाची साडी हाय. एक येळ द्या."

"मी नेसून बसू?"

"मी बसतो."

मी तोंडात पदर कोंबून हसू दाबलं आणि साडी दिली. ज्या माणसाचा फेटा कधी बोटभर हलायचा नाही, तो माझी साडी डोक्यावरून पदर घेऊन धारेला बसला. चंद्रीनं त्यांना हुंगलं आणि अशी लाथ घातली की नाना गव्हाणीत.

"नाना, जनावर वासावर जातं. रंगावर नाही," मी म्हटलं.

"रंगावरच जातंय. तुमचा अंजिरी शेरातला हाय. त्यो फसवा."

मग त्यांनी वलणीवरचं काकींचं लुगडं काढलं. जायच्या दिवशी घाईघाईत बदललेलं, न धुतलेलं. ते पांघरून बसले. चंद्रीनं एकदा हुंगलं, सुस्कारा सोडला, आणि कासांडीत धार वाजू लागली. "बघा, रंग!" असं म्हणून नानांनी मान वळवली. माझंही हसू कुठल्या कुठं गेलं.

रोज दोन वेळा ते लुगडं पांघरून नाना धारेला बसायचे. गाव आधी हसलं. "नानी, दूध हाय का?" असं एकानं विचारलं. नाना म्हणाले, "हाय की. तुजा सदरा न्हाई चालायचा, बदलून ये." मग हसणं आपोआप थांबलं.

दवाखान्यात खाटेपाशी जाऊ देत नसत. भेटायला आलेल्यांनी खाली आवारात उभं राहायचं आणि वर सज्ज्यात रोगी येऊन उभे राहणार. पहिल्या रविवारी निघताना नानांनी मला जे विचारलं ते ऐकून मी चाटच पडले.

"बाई, शेरातल्या गर्दीत उटून दिसाया कंचा रंग लागतोय? मला तितलं ठावं न्हाई."

सगळ्या गावाला रंग सांगणारा माणूस मला विचारत होता. मी म्हटलं, "गुलाबी." त्यांनी ट्रंकेतून कुणाच्यातरी लग्नातला आहेराचा फेटा काढला आणि बांधला. आवारात शंभरेक माणसं होती. काकी सज्ज्यात आल्या, एकदाच खाली बघितलं आणि लगेच हात हलवला. शेजारच्या बायका काहीतरी बोलल्या. काकी लाजल्या, इतक्या लांबूनही मला कळलं. पुढच्या रविवारी बायका आधीच ओरडल्या, "हौसाबाई, नवरदेव आलाय!" नाना वर न बघता मिशीतल्या मिशीत हसत होते. तेवढ्या दिवशी मात्र ते जेवायचे पोटभर.

फाल्गुनात चंद्री आटली. धार बंद. त्यानंतर पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी मी गवऱ्या आणायला गोठ्यात गेले, तर नाना पालथ्या पाटीवर बसलेले. पुढे कासांडी नाही. अंगावर लुगडं मात्र होतं, डोक्यावरून घेतलेलं. मला बघून ते दचकले.

"म्हशीची सवय मोडाया नगं," ते म्हणाले.

मी जवळ गेले. म्हटलं, "द्या इकडे ते लुगडं. नदीवर नेऊन धुते. किती मळलंय!"

"न्हाई." त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं. "ती आली की धुऊ. आदी न्हाई."

"अहो, काकी आल्यावर हे असलं मळकं लुगडं बघून काय म्हणतील?"

"म्हनू दे," नाना म्हणाले. "म्हनायला तर येऊ दे."

मला तिथं उभं राहवेना. गवऱ्या न घेताच मी परत आले आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून भरपूर रडून घेतलं.

चैत्राच्या शेवटी दवाखान्याचं कार्ड आलं. आराम पडला आहे, येऊन घेऊन जावे. मी तीनदा वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "त्यात 'बघू' न्हाई ना कुटं?" नव्हतं. तरी आणायला यायला मात्र ते तयार होईनात. "तितं गेल्यावर कायतरी बोलतील. तुमी आना. मी फाट्यावर गाडी जुपून हुबा ऱ्हातो."

मग मी माझा डाव साधला. पुण्यात काकींसाठी मोरपंखी लुगडं घेतलं. चांगलं चमचमतं, जरीच्या काठाचं. नानांच्या शास्त्रात असल्या लुगड्याला घराबाहेर जागाच नव्हती. बैलांपुढे तर नाहीच नाही! काकी नेसताना भ्यायल्या. "बाई, ह्ये फाट्यावरच आरडाओरडा करतील वो." मी म्हटलं, "करू देत. सहा महिने ऐकला नाही मी." खरं सांगते, मला ते भांडण ऐकायचंच होतं.

एसटी फाट्यावर थांबली. निम्मं गाव जमलेलं. आधी मी उतरले, मागून काकी, दांडीला धरून, हळूहळू, पण आपल्या पायांनी. उन्हात लुगडं असं झळाळलं की बैलानं खरोखरच मान झटकली. लोक नानांकडे बघायला लागले, आता उडतो भडका म्हणून. नाना दोन पावलं पुढे आले, थांबले. "आलीस?" म्हणाले. काकी म्हणाल्या, "व्हय." बस्स. मग काकी गाडीत बसल्या आणि नाना बैलांचा कासरा धरून सगळी वाट पायी चालले, दर दहा पावलांना मागे बघत. लुगड्याबद्दल चकार शब्द नाही. माझा तर हिरमोडच झाला.

संध्याकाळी ओटीवर मी त्यांना गाठलंच. "काय नाना, आज रंगाबद्दल काहीच बोलला नाहीत?"

"कंच्या रंगाबद्दल?"

"काकींच्या लुगड्याच्या! मोरपंखी! जरीचं!"

नाना माझ्याकडे बघत राहिले. खूप आठवून बघितलं त्यांनी, कपाळाला आठ्या घालून. "मोरपंखी व्हतं?"

"अहो, फाट्यावर तुमच्या डोळ्यांसमोर उतरल्या की त्या!"

"तोंड बघत व्हतो वो मी तिचं," नाना म्हणाले. "लुगडं न्हाई बघितलं."

आणि ते उठून लगबगीनं आत गेले. आतून काकींचा आवाज आला, "आता काय बघताय? बदललं मी कवाच!"

नाना तरीही दारातच उभे होते.