लिओकादियाबाईंची शिट्टी

"ही शिट्टी आहे की मक्याच्या गरम आतोलेवर मारलेली फुंकर?" उबाल्दो अंपारोच्या कानाशी कुरकुरला.

"हळू बोल!" अंपारोने त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं. "बाई ऐकतील."

"ऐकू दे की! या नाट्यगृहात कुणाला तरी काहीतरी ऐकू येऊ दे!"

बाईंनी ऐकलं नाही, कारण बाई त्या वेळी रंगमंचाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून भाषण देत होत्या. पुएब्ला शहरातल्या त्या विद्यापीठात नाटक शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला एक सहामाही लिओकादियाबाईंच्या हाताखाली काढावी लागे. तोंडाला रंग लावायच्या आधी हाताला दोराचे फोड, हा त्यांचा नियम. नायक व्हायला आलेली पोरं महिनाभरात खिळे सरळ करायला शिकत, आणि नायिका व्हायला आलेली अंपारो पोत्यात रेती भरायला शिकली होती.

"इशारे द्यायचे हेडफोन भिजले, मेले. छत गळतं त्याला मी काय करू?" बाई गरजल्या. "अर्ज तीनदा दिलाय, तीनदा हरवला. पण ऐका पोरांनो! हेडफोनला बॅटरी लागते. शिट्टीला फक्त तोंड लागतं! जुन्या काळी पडद्यांचे हे दोर खलाशी ओढायचे, आणि सगळं शिट्टीवर चालायचं. म्हणून तर नाट्यगृहात दुसऱ्या कुणी शिट्टी मारायची नाही. चुकीची शिट्टी, आणि वरून डोक्यात रेतीचं पोतं! यंदाचा प्रयोग माझ्या शिट्टीवर होणार. एक जरी चूक झाली ना, तर मी नाव बदलेन!"

आणि त्यांनी दोन बोटं तोंडात घालून जी शिट्टी मारली, तिचा आवाज आला, "फूऽऽ".

आता खरं सांगायचं तर लिओकादियाबाईंची शिट्टी ही एके काळी ऐकायची चीज होती. ती ऐकून म्हणे चौकातली बस थांबायची आणि चढलेले लोक उतरायचे! पण गेल्या नाताळात शेंगदाण्याच्या चिक्कीने बाईंचे पुढचे दोन दात नेले, आणि त्या जागी आले दोन नवे दात, पांढरेशुभ्र, एकमेकांना घट्ट चिकटलेले, दोन आगाऊ जावयांसारखे. त्या दिवसापासून शिट्टी गेली आणि फुंकर राहिली. हे बाईंना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

सांगायचं तालमीच्या पहिल्या दिवशीच होतं. पण त्या दिवशी बाईंनी फुंकर मारली, मोठ्या आशेने वर पाहिलं, आणि रंगमंचावरच्या माळ्यावर दोर धरून उभ्या उबाल्दोला काय दया आली कोण जाणे! त्याने दोर सोडला. समुद्राचा पडदा झुळझुळत खाली आला. बाईंचा चेहरा असा उजळला की सांगायची सोय राहिली नाही. कुणाच्या मयताला हसलं की नंतर कितीही खोकलं तरी उपयोग नसतो, तसंच दयेचं आहे. एकदा केली की सहामाहीभर निस्तरावी लागते.

मग पोरांनी युक्ती काढली. माळ्यावरच्या उबाल्दोच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधली. ती विंगेतून खाली अंपारोच्या मनगटापर्यंत आणली. बाई फुंकर मारत, शेजारी उभी अंपारो हिसका देई, उबाल्दो वर "आई गं!" म्हणून दोर सोडी. पहिल्या हिसक्याला समुद्र, दुसऱ्याला चंद्र, तिसऱ्याला झेंडूच्या पाकळ्यांचा पाऊस, चौथ्याला दर्शनी पडदा. सहा आठवडे रोज सकाळी तालीम झाली, एकदाही चूक नाही! बाई घरोघर सांगत सुटल्या, "शिट्टी मुरलीय माझी. हल्ली तर मला स्वतःलाही ऐकू येत नाही, इतकी सहज निघते!"

प्रयोगाच्या बुधवारी संध्याकाळी बाई काळ्या कपड्यांत, गळ्यात कात्री अडकवून आल्या. येताच अंपारोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बॅरिएंतोससाहेब आलेत. दुसऱ्या रांगेत बसलेत, फॉर्म घेऊन."

बॅरिएंतोससाहेब म्हणजे विद्यापीठातले ते गृहस्थ, ज्यांचं म्हणणं होतं की पडद्यामागचं काम आता संगणकावर शिकवता येतं, त्यासाठी दोर, पोती आणि लिओकादियाबाई कशाला? आजचा प्रयोग पाहून ते ठरवणार होते, ही कार्यशाळा पुढच्या वर्षी राहायची की नाही. बत्तीस वर्षांचं बाईंचं काम त्या एका फॉर्मवर!

"काही होणार नाही बाई," अंपारो म्हणाली.

"होईल कसं! मी आहे ना!" असं म्हणत बाईंची नजर जमिनीवर गेली. "आणि हे काय? ही सुतळी इथे कुणी टाकली? नटांच्या पायात येऊन कुणी तोंडावर पडलं म्हणजे?"

कच्च! कात्री दोनदा चालली. सुतळी तुटली. तिचं एक टोक अंपारोच्या मनगटाला, दुसरं उबाल्दोच्या अंगठ्याला, आणि मधल्या भागाची बाईंनी गुंडाळी करून खिशात टाकली.

बाईंची पाठ वळताच अंपारोने मान वर करून सगळा जीव एकवटून कुजबूज केली, "उबाल्दोऽ! सुतळी कापली! आता कानावर काम कर!"

"कानावर? काय ऐकू? वारा?"

"जे येईल ते! शिट्टीसारखं काहीही आलं की सोड!"

"पहिली हाक, पहिली," ध्वनिक्षेपकावरून आवाज आला. मग दुसरी. मग, "तिसरी हाक, तिसरी. सुरू करीत आहोत!" आणि तिसरी हाक गेली की संपलं. तिसऱ्या हाकेनंतर साक्षात ग्वादालुपेची माता जरी दारात उभी राहिली, तरी तिला दुसऱ्या अंकाला घेतात.

नाटक साधं होतं. पुएब्लातली एक विधवा, आणि तिला मागणी घालायला येणारा एक गडी. विधवेची भूमिका क्लोतिल्दे करत होती, गड्याची रोसेंदो. पहिला अंक तिच्या स्वयंपाकघरात. समुद्र, चंद्र वगैरे भानगडी दुसऱ्या अंकात. सगळं छान चाललं होतं. विधवा मोलेच्या रश्शाचं भांडं ढवळत होती, रोसेंदो गुडघ्यावर बसला होता. घड्याळात सव्वासात झाले.

आणि बाहेर रताळेवाला आला.

पुएब्लात जन्मलेल्या माणसाला रताळेवाल्याच्या गाडीची शिट्टी ऐकूच येत नाही. रोज संध्याकाळी ती भट्टीची गाडी गल्लीतून जाते, वाफ साचली की आगगाडीसारखी लांब, रडवेली शिट्टी फुंकते, कुणाला रताळं हवं असेल तो उठतो, बाकीच्यांचे कान झोपलेलेच असतात. तालमी सकाळी, गाडी संध्याकाळी. सहा आठवड्यांत ही गोष्ट एकाच्याही मनात आली नाही! पण त्या दिवशी पत्र्याच्या छताखाली, रस्त्यापासून चार हातांवर, एक माणूस असा बसला होता की ज्याचे कान सशासारखे टवकारलेले होते.

"पीऽऽऽऽऽ!"

समुद्र खाली आला. स्वयंपाकघरात! चुलीच्या मागे लाटा उसळल्या.

क्लोतिल्देने मागे वळून पाहिलं. रोसेंदो मात्र पक्का होता. "पाहिलंत, बाईसाहेब?" तो गुडघ्यावरूनच ओरडला. "माझ्या प्रेमाने तुमच्या खिडकीतून समुद्र दिसायला लागला!"

"या डोंगरांतल्या पुएब्लात?" क्लोतिल्देच्या तोंडून निघून गेलं.

प्रेक्षक हसले. विंगेत लिओकादियाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "मी मारलीच नाही! अंपारो, शपथेवर सांगते, मी शिट्टी मारलीच नाही!" आणि पडदा वर घ्यायला त्यांनी दोन छोट्या शिट्ट्या मारल्या. फू. फू. समुद्र तिथेच.

"पीऽऽऽऽऽ!"

चंद्र आला. भर दुपारच्या प्रसंगात, पिठाच्या डब्याइतका मोठा, रोसेंदोच्या टाळूपासून वीतभर वर.

"काय करतोय तो वर? बघत नाही का?" बाई केस उपटायच्या बेतात होत्या.

"बाई, तुम्हीच सांगितलंय, वरच्याने नाटक बघायचं नाही, शिट्टी ऐकायची!"

वर जायची शिडी समोरच्या विंगेत होती. मध्ये नाटक, समुद्र आणि चंद्र. तेवढ्यात तिसरी! झेंडूच्या पाकळ्या धो धो कोसळल्या, त्यांतल्या निम्म्या मोलेत.

"सकाळपासून ढवळत होते मी हे!" क्लोतिल्दे आता खरोखरच रडकुंडीला आली.

आता चौथ्या शिट्टीला दर्शनी पडदा! विसाव्या मिनिटाला नाटक संपणार, विधवेने होय म्हटल्याशिवाय! अंपारोने क्षणात ताडलं, आणि मागच्या दाराने ती गोळीसारखी बाहेर सुटली.

"काका! शिट्टी बंद करा!"

"ती वाफ आहे पोरी," रताळेवाला निवांतपणे म्हणाला. "माझी बायको माझं ऐकत नाही, वाफ कुठली ऐकतेय?"

"मग गाडी पुढे न्या!"

"बुधवारी इथे माझं गिऱ्हाईक असतं. फारच घाई असेल तर हा भट्टीचा खण उघडून धर. वाफ निघून जाईल, वाजणार नाही."

अंपारोने खण उघडला आणि धरून उभी राहिली. तोंडावर अशी वाफ, की रताळ्यांबरोबर काळ्या कपड्यांतली तीही भाजून निघतेय असं वाटावं! येणारी-जाणारी माणसं वाकून तिला विचारायची, "मुली, भाजलेली केळी आहेत का गं?" ती एका हाताने रताळी काढून द्यायची आणि कान मागच्या दाराला लावायची. आत समुद्र, चंद्र आणि पाकळ्या तशाच ठेवून रोसेंदो आणि क्लोतिल्दे बिचारी पुढे रेटत होती. हशा येत होता. टाळ्याही आल्या. शेवटी क्लोतिल्देचा आवाज ऐकू आला, "होय! होय, मी तुमची!"

संपलं! आता पडदा!

पडदा पडेना. आत बाई जीव खाऊन फुंकरी मारत असणार, हे अंपारोला बाहेरूनही दिसत होतं.

"काका, आता वाजवा!"

"आता? आता वाफ कुठेय? साचू दे जरा!"

अंपारोने खण धाडकन लावला. गाडीने घशात खरखर केली. आत रोसेंदो मिठीत उभा. अर्धं मिनिट गेलं. "होय," क्लोतिल्देने पुन्हा म्हटलं. एक मिनिट. "किती वेळा म्हणू, होय!" प्रेक्षक लोळायला लागले. आणि मग गाडीने छाती भरून घेतली.

"पीऽऽऽऽऽऽऽऽ!"

पडदा पडला. टाळ्या अशा, की छताचा पत्रा थरथरला!

अंपारो आत आली तेव्हा बॅरिएंतोससाहेब रंगमंचावर पोचले होते. पेन उघडं, फॉर्म हातभर लांब. समोर लिओकादियाबाई, आणि शिडीवरून लंगडत उतरलेला उबाल्दो.

"लोकांना आवडलं," साहेब म्हणाले. "पण संहिता माझ्याकडे आहे. समुद्र एकवीस मिनिटं आधी आला. का?"

"मला कमी ऐकू येतं साहेब," उबाल्दो पटकन म्हणाला. "लहानपणापासून!"

"माझ्या वहीत क्रम चुकला," अंपारो म्हणाली.

"हवा दमट आहे," दिव्यांवरची मुलगी म्हणाली, जिचा या कशाशीही संबंध नव्हता.

"मी मध्येच होय म्हणायला हवं होतं," क्लोतिल्देही म्हणाली.

साहेबांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "असं आहे बाई. इशारा नीट मिळून मुलांनी तो पाळला नसेल, तर असल्या मुलांच्या हाती डोक्यावरची पोती देता येणार नाहीत. कार्यशाळा बंद. आणि इशाऱ्यातच खोट असेल, तर तो साधनांचा प्रश्न. हेडफोन मंजूर करून भागेल. पण इशारा तर तुमच्या शिट्टीचा होता! तरुणपणी ती ऐकून मी बसमधून उतरलोय. तिच्यात काय खोट असणार?" आणि त्यांनी पेन टेकवलं. "म्हणजे मुलंच."

बत्तीस वर्षं ज्या बाईने शिकवलं, तिला चारचौघांत कसं सांगायचं? उबाल्दो छताकडे बघत होता. दिव्यांवरची मुलगी बुटांकडे बघत होती.

बाई मात्र उबाल्दोच्या पायाकडे बघत होत्या. अंगठ्याला सुतळीचं शेपूट होतं. मग त्यांनी अंपारोच्या मनगटाकडे पाहिलं. खिशातली गुंडाळी बाहेर काढली, हातात तोलली. सहा आठवड्यांच्या तालमी त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरत गेल्या.

"साहेब, पेन थांबवा," त्या म्हणाल्या. "मुलांचं काही लिहू नका. मुलांनी न मिळालेला इशारासुद्धा सहा आठवडे पाळलाय." मग गुंडाळी त्यांच्या फॉर्मवर ठेवली, आणि म्हणाल्या, "मला शिट्टी येत नाही."

"हो ना, बाई!" सगळे एका दमात ओरडले, इतक्या जोरात आणि इतक्या आनंदाने, की नंतर प्रत्येकाला वाटलं, निदान एकाने तरी "छे छे, काहीतरीच काय!" म्हणायला हवं होतं.