डोमाजीच्या नावेला पंधरा दिवस

दिघोरीत भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांचे मला आधी पायच दिसले. अंगणात एक लाकडी नाव दोन ओंडक्यांवर उपडी घातली होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. मी विचारलं, "कोणी आहे का?"

आतून दबका आवाज आला. "थांबा बाई. पोट ऐकून राहिलो हिचं."

पोट ऐकून झाल्यावर रामटेके ड्रेसर बाहेर सरकले. कानाला चिकटलेला भुसा झटकत माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जीव हाय अजून."

सत्तरच्या दशकाची ही अखेरची वर्षं. मी तिथल्या शाळेत नवीन होते. रामटेके काकाजी लाखांदूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते; बैलांचे जखमी खूर बांधता बांधता पेन्शनीत निघाले आणि मग नावांकडे वळले. आसपासच्या तलावांत मासे धरणारे, शिंगाडे काढणारे लोक मोडक्या नावा त्यांच्याकडे घेऊन येत. काकाजींच्या लेखी म्हैस आणि नाव यांत फरक एवढाच, की नाव लाथ मारत नाही. हातोडीने फळी फळी ठोकत, कान लावून ऐकत. फटीत अंबाडीचा धागा आणि राळ भरत, वरून टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळत. मालकाने "कधी देता?" असं विचारलं, की ठरलेलं उत्तर: "घाई केली का जनावर बी मरते, आन नाव बी."

एकदा एक जण गळकी नाव बैलबंडीत घालून आला. काकाजींनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जा, तलावात बुडवून ठेव."

"अजी, बुडून राहिली म्हणून तं आणली!"

"उन्हानं सुकली हे. फळ्या आकसल्या. आठ दिवस पाणी पिऊ दे तिले, फुगन आन आपोआप फटी बुजवन."

तो माणूस शिव्या देत गेला, पण नाव बुडवली त्याने. काकाजी रोज सकाळ-संध्याकाळ तलावाच्या पाळीवर उभे राहून बुडालेल्या नावेची विचारपूस करीत. नवव्या दिवशी ती वर काढली, तर थेंब गळेना. तो माणूस टोपलीभर शिंगाडे घेऊन आला.

बोलण्यात मात्र काकाजी फटकळ. गावच्या एका बड्या शेतकऱ्याने कुजलेली नाव निळा रंग फासून आणली होती. काकाजींनी नख रुतवलं, ते बोटाच्या पेरापर्यंत आत गेलं. "पाटील, मेलेल्या म्हशीच्या शिंगाले रंग लावला तुम्ही. चूल पेटवा हिची." पाटील महिनाभर बोलले नाहीत. काकाजींना त्याचं काहीच वाटलं नाही. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे.

म्हणूनच डोमाजीचं प्रकरण मला कळेना.

डोमाजी म्हणजे चुलबंद नदीवरचा म्हातारा नावाडी. मोतीबिंदूने डोळे गेले, नाव काठावर पडून सडली. त्याची मुलं ती सरपणाला फोडणार होती, तर काकाजींनी धावत जाऊन ती घरी आणली. ठोकून बघितली. मला हळूच म्हणाले, "मेली हे, बाई. पार मेली."

पण बाजाराच्या दिवशी डोमाजी काठी टेकत आला आणि त्याने विचारलं, "का गा डरेसर, माही नाव?" तेव्हा हेच काकाजी म्हणाले, "पंधरा दिवस लागन."

मग दर बाजाराला हेच. डोमाजी येई, दगडावर बसे, चहा पिई. काकाजी शेजारच्या धडधाकट नावेवर हातोडी मारत आणि म्हणत, "ऐकून राहिला ना? कशी खणखणीत!" डोमाजी मान डोलावी. मग दोघं पुराच्या, माशांच्या, बैलांच्या गोष्टी करत दिवे लागेपर्यंत बसत. पंधरा दिवसांचं वर्ष झालं.

शेवटी मी म्हटलं, "काकाजी, म्हाताऱ्या माणसाला असं फसवू नये."

ते हातातला धागा पिळू लागले. "बाई, नाव मेली म्हणून सांगतलं, तं हा उद्यापासून खाटेवरून उठन का? त्या पंधरा दिवसाच्या आशेवर चालून राहिला तो."



त्यानंतरच्या एका बाजारी पावसाची झिमझिम होती, पाळ निसरडी झाली होती. मी डोमाजीचा हात धरून त्याला घरापर्यंत सोडायला निघाले. अर्ध्या वाटेत तो थांबला.

"बाई, डरेसरले सांगू नोका."

"काय?"

"का मले मालूम हाय. जिंदगीभर वल्हवली ती नाव मी. दुसरीवर हातोडी मारून आवाज ऐकवते मले!" तो खुदकन हसला. "सडल्या लाकडाचा वास येते ना. डोळे गेले, नाक हाय अजून."

"मग दर आठवड्याला एवढी पायपीट कशाला करता?"

"काहून मंजे? बायको मेली त्याची. पोरगा तिकडं भिलाईले, दिवाळीले बी येत नाही. दिवसभर लाकडाले कान लावून बसते. लाकूड काय बोलते, बाई? मी बी नाही गेलो तं बोलन कोणासंग तो?"

काकाजींच्याच अंगणात राहत होते मी. काकाजींनी नावांचा विषय काढला, की वह्या तपासायच्या आहेत असं सांगून आत पळणारी मी. पुढची वाट मी खाली बघूनच चालले.

डोमाजीला दारात सोडून परत आले, तेव्हा काकाजी फाटकाशीच उभे होते. डोक्यावर पोतं घेतलेलं, पाय चिखलात.

"पोचला बरोबर?"

"पोचले ते."

त्यांनी आवाज खाली आणला. "त्याले काही शक तं नाही आला, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही." आणि तपासायच्या वह्या खोलीत तशाच राहू देऊन, अंगणात त्यांच्याजवळ डोमाजीच्या दगडावर बसले.